लहान मुलांसह नदीत वल्हवण्यासाठी नाव कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न मुख्यतः दोन ते दहा वर्षांची मुले असलेल्या पालकांकडून पुन्हा पुन्हा येतात. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात जातो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुले लहान आहेत. कॅनो घ्यावी की कयाक?

मुले सात-आठ वर्षांहून लहान असतील आणि नावेत दोन मोठी माणसे असतील, तर बहुतेक कुटुंबांना वरून उघडी, दोन बैठकांची कॅनो अधिक सोयीची पडते, आणि त्याचे मुख्य कारण जागा हे आहे. लहान मूल वल्हे हातात धरले तरी वल्हवणारे गडी नसते. ते चुळबुळ करणारे, भूक लागणारे आणि परतीच्या वाटेवर हमखास झोपी जाणारे प्रवासी असते. कॅनोच्या तळाशी त्याला मांडी घालून बसता येते, आडवे होता येते, मागे वळून आईवडिलांशी बोलता येते, आणि कोरडे कपडे व खाऊ हाताच्या अंतरावर ठेवता येतात. कयाकमध्ये बैठक खोलगट आणि ठरलेली असते, दुहेरी पात्याच्या वल्ह्याचे पाणी पुढे बसलेल्या मुलाच्या अंगावर गळत राहते आणि वल्हे फिरवायला जी मोकळी जागा लागते ती मुलाच्या डोक्याजवळूनच जाते.

पाणी उबदार असेल, मुलांना दर थोड्या वेळाने पाण्यात उतरायचे असेल आणि सामान मोजकेच असेल, तर मात्र सिट-ऑन-टॉप प्रकारची, म्हणजे जिच्या पाठीवर उघड्यावर बसायचे असते अशी कयाक सरस ठरते. तिच्यात आलेले पाणी तळातील भोकांवाटे आपोआप निघून जाते आणि ती उलटली तरी पाण्याने भरत नाही. प्रकार कोणताही असो, निवड करताना एक कसोटी लावावी: मुलाने तासभर काहीही मदत केली नाही, उलट मधूनच उठून उभे राहण्याचा प्रयत्न केला, तरी ही नाव मोठ्यांच्या ताब्यात राहील का?

२. ही उत्तरे कोणत्या प्रकारच्या नदीसाठी आहेत?

नदीच्या अवघडपणाची पहिली ते सहावी अशी जी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरली जाते, तिच्यातील पहिल्या श्रेणीसाठी, म्हणजे संथ डोह, वाहते पण मोकळे पात्र आणि दुरून वाट दिसते असे हलके खळाळ. दुसऱ्या श्रेणीचे पाणी अनुभवी पालकांना सोपे वाटते, पण मूल सोबत असताना ते सोपे राहत नाही. शिवाय श्रेणी ही त्या दिवशीच्या पाण्याची असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर अडकलेल्या नावेवर पाण्याचा रेटा सुमारे चौपट होतो; त्यामुळे गेल्या महिन्यात निरुपद्रवी वाटलेले वळण पावसानंतर तसेच असेल असे गृहीत धरू नये. पात्रात आडवा बंधारा किंवा काठावरून कोसळलेले झाड असेल, तर कितीही स्थिर नाव घेतली तरी ती तिथे उपयोगी पडत नाही. बंधाऱ्याच्या खाली उलटे फिरणारे पाणी नावेलाही आणि माणसालाही धरून ठेवते, तर झाडाच्या फांद्यांतून पाणी पुढे जाते आणि माणूस मागे अडकतो. अशा जागा आधी माहीत करून घेऊन नाव काठाने उचलून न्यावी.

३. मूल किती वर्षांचे झाले की नावेत बसवावे?

वयापेक्षा लाइफ जॅकेटवरून ठरवावे. मुलाच्या वजनाला नेमके बसणारे, डोक्यामागे तरंगणारी कॉलर असलेले आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट मिळत नसेल, तर मूल नावेसाठी अजून लहान आहे असे समजावे. जॅकेट आले की ते घालून उथळ, उबदार पाण्यात मुलाला तरंगवून पाहावे आणि तोंड पाण्याबाहेर राहते याची खात्री करावी. दुसरी अट अशी की “खाली बस” म्हटल्यावर मूल बहुतेक वेळा खाली बसले पाहिजे. “बहुतेक वेळा” हे शब्द जाणूनबुजून वापरले आहेत. दर वेळी ऐकणारे मूल कोणाकडेच नसते आणि नावेची निवड तेवढी सवलत धरूनच करायची असते.

४. जितकी रुंद नाव तितकी ती स्थिर, हे खरे का?

अर्धे खरे आहे. नावेत पाय ठेवताच जाणवणारा ठामपणा वेगळा, आणि नाव एका बाजूला बरीच कलल्यावर पुढे उलटण्यास ती जो विरोध करते तो वेगळा. रुंद आणि सपाट तळाची नाव पहिल्या बाबतीत उत्तम असते: मूल एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकले तरी ती फारशी हलत नाही. परंतु ठरावीक मर्यादेपलीकडे कलली की ती फारशी सूचना न देता उलटते, आणि लाटांमध्ये तिचा सपाट तळ लाटेच्या उताराप्रमाणे कलत राहतो. किंचित गोलाई असलेला तळ सुरुवातीला डुगडुगतो, म्हणून दुकानात किंवा काठावर तो नवख्यांना नकोसा वाटतो, पण कलल्यावर तो सावरून धरतो.

लहान मुलांसाठी या दोहोंच्या मधला, अगदी उथळ गोलाईचा तळ आणि मध्यभागी सुमारे ९० सेंटीमीटर रुंदी असलेली कॅनो निवडावी. त्याहून फार रुंद नावेत वल्ह्याला पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी मोठ्या माणसालाच बाहेर झुकावे लागते आणि रुंदीचा फायदा तिथेच वाया जातो. बैठकीची उंची हा मुद्दा मात्र बहुतेक जण विसरतात. बैठक चार बोटे खाली घेतली किंवा खळाळ येताच मोठी माणसे गुडघ्यांवर बसली, तर तीच नाव लक्षणीयरीत्या स्थिर होते.

५. लांबी किती असावी?

दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले यांच्यासाठी १६ ते १७ फूट, म्हणजे ४.९ ते ५.२ मीटर लांबीची कॅनो. त्याहून आखूड नावेत एकतर मुलांना पाय पसरायला जागा उरत नाही किंवा नाव नको इतकी खोल बसते. पात्र अरुंद आणि वळणावळणाचे असेल, तर तळ दोन्ही टोकांकडे किंचित वर उचललेला असावा, म्हणजे नाव चटकन वळते. रुंद, संथ आणि वाऱ्याच्या नदीवर सरळ तळाची नाव रेष सोडत नाही. दोन्ही प्रकारच्या नद्यांवर जाणार असाल, तर तळाला अगदी थोडा उठाव असलेली नाव पुरते.

६. नावेवर लिहिलेला कमाल भार आमच्या एकूण वजनापेक्षा बराच जास्त आहे. मग काळजी नाही ना?

तो आकडा नाव किती वजनाने बुडत नाही हे सांगतो. किती वजनाने ती नीट चालते हे सांगत नाही. सर्वसाधारणपणे लिहिलेल्या कमाल भाराच्या साठ ते सत्तर टक्क्यांपुढे जाऊ नये. समजा, दोन मोठ्यांचे मिळून १४० किलो, दोन मुलांचे ४० आणि सामान व पाणी यांचे ४० असे २२० किलो होत असतील, तर निदान ३५० किलो भाराची नाव पाहावी. मुले वाढतात हेही लक्षात घ्यावे. तीन वर्षांनी हेच कुटुंब सहज २० ते ३० किलोंनी जड झालेले असते.

आकड्यांपेक्षा डोळ्यांनी घेतलेली परीक्षा अधिक विश्वासार्ह असते. सर्व जण आणि सर्व सामान नावेत असताना मध्यभागी पाण्यापासून वरच्या कडेपर्यंत किमान १५ सेंटीमीटर अंतर राहिले पाहिजे. मूल कडेला रेलून पाण्यात हात घालणार हे ठरलेलेच असते, म्हणून याहून थोडे अधिक असेल तर बरे.

७. कोणत्या साहित्याची नाव घ्यावी?

तुम्ही ती गाडीच्या टपावर कशी चढवणार आहात, हे आधी ठरवा. तीन थरांच्या पॉलिइथिलीनची १६ फुटी कॅनो दगड, घसटणे आणि मुलांचे उड्या मारणे हे सगळे सोसते, किंमतही आटोक्यात असते, पण तिचे वजन ३५ ते ४० किलो भरते. ॲरामिड (केव्हलरसारख्या हलक्या, चिवट) धाग्यांची तेवढीच नाव १८ ते २५ किलोंची असते. ती महाग असते आणि उथळ, दगडाळ पात्रात तिला जपावे लागते. ॲल्युमिनियमची नाव वर्षानुवर्षे उघड्यावर पडली तरी टिकते, मात्र ती उन्हात तापते, पाण्यात वाजते आणि दगडावर घसरण्याऐवजी चिकटते.

वजनाचा प्रश्न मुले असलेल्या घरात अधिक बोचतो, कारण नाव उचलताना दोन्ही मोठ्यांचे चारही हात गुंतलेले असतात आणि त्याच वेळी मुले पाण्याजवळ मोकळी असतात. जड नाव काठाने नेण्याचा कंटाळा येतो आणि मग “एवढा खळाळ जाऊ की तसाच” असा मोह होतो. माझ्या मते हलक्या नावेसाठी मोजलेले जादा पैसे सर्वांत जास्त इथे वसूल होतात.

८. हवा भरायच्या कयाकवर मुलांना नेणे सुरक्षित आहे का?

चांगल्या प्रतीच्या, निदान तीन स्वतंत्र हवाकप्पे असलेल्या कयाकवर, होय. ती स्थिर असते, अंगाला लागत नाही आणि घरात ठेवायला जागा कमी लागते. पोहण्याच्या तलावातील खेळण्याच्या दर्जाची नाव नदीत नेऊ नये. एका काटकीने तिचा प्रवास संपतो. आतून धाग्यांनी जोडलेला कडक तळ असलेली कयाक, जिच्या तळात साधारण ८ ते १० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाब भरतात, ती मऊ तळाच्या कयाकपेक्षा कितीतरी सरळ चालते आणि मूल हलले तरी मधोमध वाकत नाही. बाजूच्या नळ्यांत बहुधा २ ते ३ पीएसआय पुरेसे असतात. उत्पादकाने छापलेला आकडाच पाळावा.

दोन अडचणी मात्र कायम राहतात. एक म्हणजे वारा: पाण्यावर उंच आणि वजनाने हलकी असल्याने समोरून वारा आला की ती जागची हलत नाही. दुसरी म्हणजे उन्हात काठावर ठेवली की आतील हवा प्रसरण पावते आणि शिवणींवर ताण येतो, म्हणून जेवायला थांबताना ती सावलीत ओढावी किंवा थोडी हवा सोडावी. गुंडाळण्यापूर्वी ती पूर्ण वाळवावी लागते, नाहीतर बुरशी धरते. मुलांना झोपवायच्या वेळी हे काम कोण करणार, हेही खरेदीपूर्वी घरात ठरलेले बरे.

९. मुलांना नावेत नेमके कुठे बसवावे?

एकच मूल असेल, तर मागे बसून दिशा देणाऱ्याच्या समोर, हात पोहोचेल इतक्या अंतरावर. दोन मुले असतील, तर धाकटे तिथेच आणि मोठे पुढच्या वल्हवणाऱ्याच्या मागे. दोघांच्या मध्ये सामानाची पिशवी ठेवली की भांडणेही कमी होतात. तळाशी जाड फोमची गादी ठेवावी, कारण तळात थोडे पाणी साचतेच. मुलांनी बैठकीवर किंवा नावेच्या दोन्ही कडांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर बसू नये. वजन खाली राहिले पाहिजे. सर्व जण बसल्यावर नाव सपाट किंवा मागच्या टोकाला किंचित जड असावी. पुढून जड झालेली नाव प्रवाहात वळवताना मागचे टोक आडवे फिरते.

१०. मूल पडू नये म्हणून त्याला पट्ट्याने बैठकीला बांधावे का? गाडीतील लहान मुलांची बैठक नावेत बसवता येईल का?

नाही, आणि याला अपवाद नाही. नाव उलटली की बांधलेले मूल तिच्याखाली राहते. मुलाच्या अंगाला किंवा जॅकेटला दोरी बांधून ती नावेला अडकवणे, मुलाला पालकाच्या पाठीवरील झोळीत ठेवणे, हेही त्याच कारणाने वर्ज्य आहे. नावेत लोंबणारी प्रत्येक मोकळी दोरी गुंडाळून ठेवावी.

११. मुलाच्या लाइफ जॅकेटमध्ये काय पाहावे?

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२४०२ नुसार ५० न्यूटन (तरंगवणाऱ्या जोराचे माप) गटातील साधने पोहता येणाऱ्यांसाठी असतात, तर १०० न्यूटन गटातील जॅकेट माणसाचे तोंड पाण्यावर ठेवण्याच्या दृष्टीने बनवलेले असते. पोहता न येणाऱ्या लहान मुलासाठी दुसऱ्या गटातलेच घ्यावे. जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर मोठे होते आहे. “पुढच्या वर्षीही होईल” या विचाराने सैल जॅकेट कधीही घेऊ नये. मानेमागे ओढून घेण्यासाठी पक्की मूठ असावी. मोठ्यांनीही जॅकेट घातलेच पाहिजे, कारण पाण्यात पडलेल्या मुलाला धरणारा माणूस स्वतः तरंगत असावा लागतो.

१२. तीन जागांच्या बंद कयाकमध्ये मधली जागा मुलासाठीच असते ना?

असते, आणि शांत पाण्यात सहा-सात वर्षांपुढील मुलाला ती चालते. अट अशी की जागेचे तोंड मोठे असावे आणि त्यावर पाणी अडवणारे कापडी आवरण लावू नये. उलटल्यावर ते आवरण स्वतः ओढून काढणे हे शिकावे लागणारे काम आहे आणि लहान मूल ते भीतीच्या क्षणी करेल यावर विसंबता येत नाही. सामानाच्या बंद कप्प्यात मूल बसवू नये, तो कितीही ऐसपैस दिसला तरी.

१३. मी एकटाच मोठा माणूस आणि सोबत एक मूल. दोघांची कॅनो चालेल का?

चालते, पण नेहमीच्या मागच्या बैठकीवरून नाही. तिथे तुम्ही बसलात आणि पुढे वीस किलोंचे मूल असेल, तर नावेचे पुढचे टोक हवेत राहते आणि वारा ते हवे तिकडे फिरवतो. दोन्ही टोके सारख्या आकाराची असतील, तर नाव उलट दिशेने वापरावी: पुढच्या बैठकीवर मागे तोंड करून बसावे, म्हणजे तुम्ही मध्याच्या जवळ येता. मूल तुमच्या समोर राहते आणि त्याच्याही पुढे वीस लिटर पाण्याचा कॅन ठेवला की तोल साधतो.

मात्र काही कॅनो मागे-पुढे वेगळ्या आकाराच्या असतात आणि काहींची बैठक पाठटेकू असलेली, साच्यातली असते. त्या उलट वापरता येत नाहीत. अशा नावेत मध्याच्या थोडे मागे, आडव्या दांड्याला टेकून गुडघ्यांवर बसावे लागते. एकट्यानेच जाणे वारंवार होणार असेल, तर खरेदीच्या वेळी ही बाब पहिल्यांदा तपासावी.

१४. आणि एकटा मोठा माणूस, पण मुले दोन?

पोहता न येणारी दोन मुले असतील, तर वाहत्या नदीत जाऊ नये. नाव उलटल्यावर एक हात एका मुलाला, दुसरा दुसऱ्याला, आणि काठाकडे जायला हात उरत नाही. कंबरभर, संथ पाण्याच्या काठाकाठाने जाता येईल. त्यापलीकडे दुसरे मोठे माणूस लागते, शक्यतो दुसऱ्या नावेत.

१५. नाव उलटलीच, तर तिच्या प्रकाराने काय फरक पडतो?

फार पडतो. पाण्याने भरलेल्या कॅनोत काही शे लिटर पाणी असते, म्हणजे तितकेच किलो वजन प्रवाहाबरोबर सरकत असते. म्हणून उघड्या कॅनोच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या पक्क्या बांधाव्यात. त्यांनी जितकी जागा व्यापली तितके पाणी आत येत नाही. मूल आणि तुम्ही नावेच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येते त्या बाजूला राहावे, म्हणजे नाव आणि दगड यांच्यात कोणी चिरडत नाही. पुढे फांद्या दिसत असतील, तर नाव सोडून मुलासह काठ गाठावा. वाहत्या पाण्यात गुडघ्यापेक्षा खोल जागी उभे राहू नये, पाय दगडांत अडकतो. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवून वाहत जावे.

नाव दगडाला आडवी लागली, तर दगडाकडे झुकायचे असते. मुले नेमकी उलट बाजूला, म्हणजे पाणी येते तिकडे, सरकतात आणि ती कड पाण्याखाली जाते. हे काठावर जमिनीवर नाव ठेवून खेळासारखे शिकवावे. उलटलेली सिट-ऑन-टॉप कयाक सुलटी करून तिच्यावर पुन्हा चढणे तुलनेने सोपे असते. उबदार पाण्यात तिची शिफारस करण्याचे हे मोठे कारण आहे.

१६. पाणी थंड असेल, तर निवड बदलते का?

बदलते. सुमारे १५ अंश सेल्सिअसखालील पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही, आणि मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. अशा वेळी अंग सतत ओले ठेवणारी सिट-ऑन-टॉप टाळावी आणि उंच कडेची कॅनो घ्यावी. मूल वल्हवत नसल्याने त्याच्या अंगात ऊब तयार होत नाही. तुम्हाला घाम येत असतानाच त्याला हुडहुडी भरलेली असू शकते. मुलांसाठी कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे ठरवावेत.

१७. मुलाला स्वतःची नाव केव्हा द्यावी?

आत्मविश्वासाने पोहता येऊ लागल्यावर, बहुधा सात ते दहा वर्षांच्या दरम्यान, आणि आधी स्थिर पाण्यात. मुलांसाठीच्या सुमारे सहा फुटी कयाक साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतात आणि आठ-दहा किलोंपलीकडे फारशा जात नाहीत. मोठ्यांची रुंद कयाक दिल्यास मुलाचे हात पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि हौस अर्ध्या तासात विरते. वल्ह्याचा दांडा बारीक व पाते लहान हवे. मूल दमल्यावर त्याची नाव ओढून नेता येईल अशी व्यवस्था मोठ्यांच्या नावेत असावी, पण ओढण्याची दोरी प्रवाहात चटकन सोडता आली पाहिजे.

१८. वापरलेली कॅनो घेताना काय तपासावे?

नाव उलटी करून तळ दाबून पाहावा; मऊ पडलेला तळ पाण्यात आत-बाहेर होतो. पांढुरके, खडूसारखे झालेले प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेले असते. ॲल्युमिनियममध्ये रिव्हेटच्या ओळी, लाकडी कडांमध्ये टोकांजवळची कुज आणि बैठकींचे बोल्ट पाहावेत. रॉयलेक्स या साहित्याच्या कॅनो जुन्या बाजारात अजून दिसतात. ते साहित्य २०१४ मध्ये बनवणे बंद झाले, पण सावलीत ठेवलेली नाव कुटुंबासाठी आजही उत्तम असते. शक्य असल्यास मुलांसह पाण्यात उतरवून प्रश्न ६ मधील कडेची परीक्षा घ्यावी.

१९. सप बोर्डवर (उभे राहून वल्हवायच्या फळीवर) पुढे मूल बसवून नदीत गेले तर?

संथ पाण्यात, काठाजवळ, उबदार दिवशी ठीक. वाहत्या नदीत घोट्याला बांधलेली दोरी अडथळ्यात गुंतून माणसाला पाण्याखाली धरून ठेवू शकते. तिथे फक्त कमरेला लावलेली, एका झटक्यात सुटणारी दोरी वापरावी, आणि मुलाला कोणतीच दोरी लावू नये.

२०. नाव डुगडुगते म्हणून दोन्ही बाजूंना तरंगे लावले किंवा दोन कॅनो आडव्या बांबूंनी जोडल्या, तर?

तलावावर दोन्ही उपाय चांगले आहेत. जोडलेल्या दोन कॅनो लाटांतही जवळजवळ हलत नाहीत. नदीत मात्र हाच रुंदावा अडचण होतो. तरंगे फांद्यांत आणि दगडांत अडकतात, अडकलेली बाजू थांबते आणि दुसरी बाजू प्रवाहात फिरते. जोडलेल्या नावा एखाद्या दगडाच्या दोन्ही बाजूंनी जाऊ पाहतात आणि त्यांच्या मधल्या फटीत पाणी उसळून आत येते. नदीत नेहमीच डुगडुगणारी नाव असेल, तर आधी बैठक खाली घ्यावी आणि सामान तळाशी बांधावे (प्रश्न ४ व ९). तरीही डुगडुगत असेल, तर ती नाव या कुटुंबासाठी अरुंद आहे. ती विकून दुसरी पाहावी.